‘हवामान बदललंय’ हे उत्तर नव्हे: पर्यावरणाच्या पहिल्या कोर्सला बसणाऱ्या कोकणातल्या मुलांसाठी

पेपर तपासायला घेतले की पहिल्या दहांतच ते वाक्य भेटतं: ‘ग्लोबल वॉर्मिंगमुळे असे घडत आहे.’ विहीर आटली, ग्लोबल वॉर्मिंग. आंबा गळला, ग्लोबल वॉर्मिंग. पुळण खचली, बांगडा कमी मिळाला, माडाला भुंगा लागला, कारण तेच. एका वर्षी एकाने माकडांच्या उपद्रवालाही तेच कारण लावलं होतं. यातल्या काही उत्तरांत तथ्य असतं, अगदीच नाही असं नाही. पण किती तथ्य, आणि बाकीचं कशामुळे, हे लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. हा कोर्स नेमकं तेच शिकवतो. म्हणून पहिल्या सत्राला बसण्याआधी हे वाचून ठेवा.

कोर्सात असतं काय

नाव विद्यापीठागणिक बदलतं. कुठे ‘पर्यावरण अभ्यास’, कुठे ‘हवामान, परिसंस्था आणि पर्यावरणबदल’. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, तेव्हापासून हा विषय हळूहळू सगळ्या शाखांत शिरला. त्यामुळे कॉमर्सची मुलगी आणि भूगोलाचा मुलगा एकाच बाकावर बसतात, आणि दोघांनाही वाटतं की हा पास होण्यापुरता विषय आहे.

आत तीन भाग असतात. हवा, पाणी आणि ऊन यांचं यंत्र कसं चालतं हा पहिला. तो म्हणजे साधं भौतिकशास्त्र. सजीव आणि त्यांची जागा यांचं नातं हा दुसरा. आणि माणसाने त्यात काय फिरवाफिरव केली हा तिसरा, ज्यात कायदा, पैसा आणि राजकारण सगळं येतं. मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात, कारण तो बातम्यांसारखा वाटतो. पहिले दोन कच्चे राहिले की तिसऱ्यात नुसती भाषणं होतात. वक्तृत्व स्पर्धेत ती चालतात, इथे नाही.

आधी एक वाट ठरवा

पुस्तक उघडण्याआधी हे करा. घरापासून किंवा हॉस्टेलपासून चालत जाता येईल अशी दीड-दोन किलोमीटरची एक वाट निवडा: वर सडा (जांभ्या कातळाचं पठार), मग उतारावरची बाग किंवा देवराई, खाली भाताचा मळा, शेवटी खाडी किंवा पुळण. घाटावरच्या मुलांना इतकी विविधता बघायला एसटीचा अख्खा दिवस लागतो. आपल्याकडे सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यात सरासरी पन्नासेक किलोमीटर अंतर, त्यामुळे तासाभराच्या चालीत तीन-चार परिसंस्था ओलांडून होतात.

वाटेवर चार थांबे ठरवा आणि पाचवी एक विहीर. विहीर दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारा. बहुतेक काका ‘बघ की’ म्हणतात आणि वर चहाही पाजतात. दोरीला दर वितीवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी सुटल्या ते लिहा. मात्र वीत सेंटिमीटरमध्ये किती, हे एकदाच मोजून वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा. माझ्या एका विद्यार्थ्याने अर्ध्या नोंदी स्वतःच्या वितीने आणि अर्ध्या बहिणीच्या वितीने घेतल्या होत्या, आणि विहिरीची पातळी दर आठवड्याला खालीवर नाचत होती.

या वाटेवरून पंधरा दिवसांतून एकदा जायचं, वर्षभर. तिथी धरून गेलात तर आणखी बरं. का ते पुढे येईल.

पाऊस मोजणं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कोकणात पावसाशिवाय कुठलाच धडा पुढे सरकत नाही.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हे पाठ करू नका, अंगणात करून बघा: मीटरभर लांब-रुंद चौकोन आखा, तांब्याने लिटरभर पाणी त्यात ओता, किती पातळ थर होतो ते पाहा. मग आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे वाक्य वाचा. प्रत्येक चौरस मीटरवर तीन हजार लिटर. छातीवर पडल्यासारखं होतं की नाही?

पर्जन्यमापक घरी करता येतो. सरळ उभ्या भिंतींचा डबा असेल तर नुसती पट्टी घालून खोली वाचायची. कोल्ड्रिंकची बाटली वापरायची असेल तर तिचा बूड खोलगट-उंच असल्यामुळे पट्टी फसवते. अशा वेळी पाणी मापात ओतून मिलिलिटर मोजा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, मिलिलिटरला ७.८५ ने भागलं की मिलिमीटर मिळतात. कोकणात एक अडचण येते: २०० मिलिमीटरच्या दिवशी या बाटलीत दीड लिटरहून जास्त पाणी साचतं. लिटरची बाटली ठेवलीत तर ती रात्रीच भरून वाहील आणि सकाळी तुम्ही आनंदाने चुकीचा आकडा लिहाल. मुसळधार दिवसांत संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करा आणि बेरीज लिहा.

नोंद सकाळी साडेआठला घ्यायची. भारतीय हवामान विभागाची चोवीस तासांची मोजणी साडेआठ ते साडेआठ असते; तुमची वेळ वेगळी असली तर तुलना करता येत नाही. बाटली झाडापासून आणि घरापासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब ठेवा. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या वर्षी मी स्वतः बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर ठेवली होती, चहा करता करता दिसावी म्हणून. आठवडाभर माझ्या घरी तालुक्याच्या दुप्पट पाऊस पडत होता. वर्गात तो तक्ता मी अभिमानाने फळ्यावर काढला. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, वर पागोळ्या नाहीत ना?” होत्या. कौलांच्या तीन ओळींचं पाणी बाटलीत पडत होतं.

आकडे जमायला लागले की हवामान विभागाच्या पट्ट्या वापरा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. तो आकडा या पट्ट्यांच्या किती वर जातो ते स्वतः काढून बघा.

मालवणला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे एक आजोबा मला एकदा म्हणाले होते, “पाऊस तितकोच पडता रे, पण एकदम पडता.” तेवढ्या वाक्यात कोर्सचा एक मोठा धडा आहे. एकूण पाऊस आणि पावसाची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. कारणाचा मुख्य धागा अरबी समुद्राकडे जातो: समुद्र तापला की वाऱ्यातलं बाष्प वाढतं, आणि त्या वाऱ्यांचा जोरही जास्त कमी-जास्त होतो. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्राचं गणित त्यामागे आहे.

पण आजोबांचं म्हणणं तुमच्या तालुक्याला लागू पडतं का? ते वहीतल्या एका पावसाळ्यावरून सांगता येत नाही. हवा म्हणजे आजचा पाऊस. हवामान म्हणजे तीस वर्षांचा स्वभाव. सध्या सरासरीसाठी १९९१ ते २०२० हा काळ धरतात. तुमची वही एका वर्षाची, म्हणून तिच्या शेजारी तालुक्याचे जुने आकडे ठेवावे लागतात. राज्याच्या कृषी विभागाचं ‘महारेन’ संकेतस्थळ तालुका आणि मंडळवार पाऊस देतं. ११५.६ च्या वर किती दिवस गेले हे वर्षागणिक मोजा आणि खांबांचा आलेख काढा. कल दिसला तर दिसला, नाही दिसला तर तसं लिहा. ‘कल दिसत नाही’ लिहायला मुलं घाबरतात. मी अशा उत्तराला जास्त मार्क देतो.

पाऊण पटीचा हिशोब

आता तिथीचं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात आजीला येतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला ओहोटी. खरं तर एका तिथीमागे भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकते, आजीच्या हिशोबात ४५. तीन मिनिटं तिने गणिताला माफ केली आहेत. गावागणिक खाडीच्या तोंडाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तेही मोजून लिहा.

चंद्र-सूर्य एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग. खाडीतला चिखल उघडा बघायचा असेल तर उधाणाच्या दिवशीची ओहोटी गाठायची; म्हणून वाटेवरची फेरी अमावास्या-पौर्णिमेला ठेवा, संध्याकाळी खाडीवर पोचाल अशी. भरतीचा फरक उत्तरेकडे मोठा आणि मालवणकडे कमी असतो, हेही मावसभावाला फोन करून तपासता येतं.

खारे वारे आणि मतलई वारे तुम्हाला शाळेतच कळलेत. दुपारी समुद्राकडून, पहाटे जमिनीकडून. घरातल्या धुराची दिशा सकाळ-दुपार महिनाभर लिहिलीत तर पुरे; जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते हे पुन्हा पाठ करावं लागणार नाही. मोसमी वारे म्हणजे हाच खेळ, फक्त अख्ख्या खंडाचा आणि अख्ख्या ऋतूचा. त्यावर पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ. पुढे सह्याद्री आडवा येतो, वारा वर चढतो, थंड होतो, आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस ओततो आणि पुण्याला पोचेपर्यंत सातशेवर येतो.

सडा: ओसाड नसलेलं ओसाड

परिसंस्थेचा धडा सड्यावरून सुरू करा. सातबारावर सड्याची जमीन पोटखराबा म्हणून लागलेली असते, आणि एप्रिलात बघितलीत तर तुम्हालाही ते पटेल: काळपट तांबडा कातळ, एखादी करवंदाची जाळी, वर ऊन. जांभा तयार कसा होतो हे इथेच समजून घ्या. मुळात हा काळा बसाल्ट. लाखो वर्षं उष्ण हवेत मुसळधार पाऊस त्यावर पडला. पाण्याने विरघळणारे क्षार, बरीचशी सिलिकासुद्धा, वाहून नेली आणि लोह व अॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तांबडा रंग त्या गंजाचा. म्हणजे घराचा चिरा हाच हवामानाचा पुरावा आहे.

आता जूनमध्ये जा. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींनंतर कातळाच्या भेगांत, बोटभर मातीत, पांढरी शुभ्र फुलं एका देठावर उभी राहतात: दीपकाडी. ही वनस्पती कोकणच्या सड्यांची; जगात दुसरीकडे शोधून उपयोग नाही. ऑगस्टमध्ये पाणी साचलेल्या उथळ खळग्यांत निळी-जांभळी सीतेची आसवं दिसतील, जवळच दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती. गुडघे टेकून दवबिंदूच्या पानाकडे बघा. लाल केसांच्या टोकावर चिकट थेंब असतात आणि त्यात एखादी बारीक माशी अडकलेली. सीतेची आसवंही मांसाहारी, तिच्या पिशव्या पाण्याखाली असतात. एकाच जागी इतक्या मांसाहारी वनस्पती का? पावसाने माती धुऊन नेल्यामुळे नायट्रोजन नाही. मग तो किड्यांतून मिळवायचा. दगड, पाऊस, पोषकद्रव्यं आणि वनस्पतीचं तोंड एका ओळीत कसं येतं हे तुम्ही एका हातभर डबक्यात बघितलंत.

मोजणी अशी. काथ्याची दोरी आणि चार खुंट्या घेऊन एक मीटरची चौकट आखा. आत किती प्रकार आहेत ते मोजा. नावं येत नसतील तर ‘पांढरं चेंडूफूल’, ‘बारीक पिवळं’ अशी तुमची नावं द्या आणि फोटो काढून ठेवा. अशा दहा चौकटी, पण जागा तुम्हाला आवडली म्हणून निवडायची नाही. डोळे मिटून काठी मागे फेका आणि पडेल तिथे चौकट. नाहीतर तुम्ही नकळत फुलं असलेल्याच जागा निवडता, आणि प्रत्येक सडा पुष्पपठार होतो. दर महिन्याला त्याच ठिकाणी या. ऑक्टोबर संपेपर्यंत सगळं वाळून जाईल. बी कुठे गेलं हा प्रश्न त्या दिवशी तुम्हाला स्वतःहून पडेल. सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, त्यांचं नाव २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. त्यांच्यावर पाय देऊ नका आणि चौकटही आखू नका.

खाडी आणि राई, थोडक्यात

खाडीवर तीन झाडं ओळखता आली तरी पहिल्या वर्षाला पुरे. तिवर: जमिनीतून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली. त्याच्या पानाला जीभ लावून बघा, खारट लागेल. झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. कांदळ: खोडाला कमानीसारखे पाय आणि झाडावर लोंबणाऱ्या लांब शेंगा. त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. चिखलात बी रुजायला भरती वेळ देत नाही. पांढरी चिप्पी: खुंट्यांसारखी जाड श्वसनमुळं, रात्री उमलणारी फुलं. २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. पाण्यापासून जमिनीकडे येताना झाडं बदलत जातात, तो क्रम एका कागदावर काढा. फांदी तोडू नका. कांदळवन तोडणं गुन्हा आहेच, शिवाय वनरक्षकाला ‘प्रोजेक्टसाठी’ हे कारण पटत नाही.

राईत जाण्याआधी गुरवांना किंवा मानकऱ्यांना विचारा, चपला बाहेर काढा, पानही उचलू नका. तिथे एकच प्रयोग करा: दुपारी दोन वाजता राईतल्या पाचोळ्याखालच्या मातीचं तापमान घ्या आणि लगेच बाहेरच्या काजूच्या बागेत घ्या. थर्मामीटर तोच, खोली तीच. फरक वहीत आला की ‘सूक्ष्म हवामान’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

कारणं सोडवणं

आता मूळ मुद्दा. मेमध्ये वाडीत टँकर आला. कारण सांगा.

आधी छपराचं गणित करा. शंभर चौरस मीटरचं कौलारू छप्पर, तीन हजार मिलिमीटर पाऊस: तीन लाख लिटर पाणी. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला वर्षाला लाखभर लिटर लागतं. एका छपरावर तीन वर्षांचं पाणी पडतं आणि तरी मेमध्ये हंडे रांगेत. तेव्हा पाऊस कमी पडला हे कारण बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत बाद होतं.

मग पाणी जातं कुठे? जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपतं. खाली चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडतं. झऱ्याच्या खालच्या अंगाला विहिरी असतात. भूमी तीव्र उताराची, नद्या आखूड. पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं. हा भाग भूगोलाचा, त्यात माणसाचा दोष नाही. यावर मग माणसाच्या गोष्टी चढतात: वरच्या सड्यावर चिरेखाण निघाली का, बोअर किती झाल्या, बागेला पंप लागला का, पूर्वी दसऱ्यानंतर वहाळावर बांधबंदिस्ती व्हायची ती थांबली का. आणि सगळ्यांत शेवटी हवामानबदल: पाऊस तेवढाच पण कमी दिवसांत पडला तर मुरायला वेळ मिळत नाही, हे कारण असू शकतं. ते तुमच्या पर्जन्यमापकाच्या आणि गाठींच्या आकड्यांत शोधायचं.

कागदावर तीन रकाने करा: जागेचा स्वभाव, माणसाची कामं, हवामानातला बदल. प्रत्येक घटनेला तिन्ही रकाने भरायचे, आणि प्रत्येक ओळीपुढे पुरावा काय ते.

चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर घ्या. वाशिष्ठीच्या खोऱ्यात अतिवृष्टी, हा तिसऱ्या रकान्याचा उमेदवार. शहर नदीकाठच्या सखल भागात आणि खाडीच्या भरतीचा दाब, हा पहिला रकाना. गाळाने भरलेलं पात्र, पूररेषेतली बांधकामं, हा दुसरा. तिथल्याच लोकांना विचाराल तर २००५ चा पूरही आठवतो. कुठल्या रकान्याचं वजन किती, यावर वर्गात भांडण होऊ द्या.

हापूस आणखी छान फसवतो. मुलं लिहितात, गरमी वाढली म्हणून आंबा गेला. मोहोर यायला थंडी लागते, तेव्हा उबदार हिवाळा घातक हे बरोबरच. पण फळधारणा झाल्यावर थंडी लांबली तर त्याच झाडाला पुन्हा मोहोर येतो, झाड नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची कणी-सुपारीएवढी फळं गळून जातात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात. म्हणजे थंडी कमी झाली तरी नुकसान आणि जास्त टिकली तरी. त्यात अवकाळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे, आणि एकाआड एक वर्षी फळण्याचा हापूसचा स्वतःचा स्वभाव. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी वाचा आणि बागवाल्या काकांशी बोला. कुठल्या महिन्यात काय झालं हे तारखेनिशी विचारा. ‘पूर्वी असं नव्हतं’ ही तारीख नव्हे.

तापमानाचा थेट परिणाम स्वच्छ दिसावा असं उदाहरण हवं असेल तर वेळास किंवा आंजर्ल्याला जा. ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांतून नर निघेल की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही, वाळू तापली की माद्या वाढतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून अंडी वाचवायचं काम उभं केलं. तिथे गेलात तर पिल्लं बघून आरडाओरडा करण्याआधी घरट्यातल्या वाळूचं तापमान कोण आणि कसं घेतं ते विचारा.

जगाचे आकडे

हे पुस्तकात मिळतील, म्हणून भराभर. कार्बन डायऑक्साइड उद्योगयुगाआधी दर दहा लाख भागांत २८० च्या आसपास होता. हवाई बेटावरच्या मौना लोआला १९५८ पासून सलग मोजतात, तेव्हा ३१५ होता, आता ४२० च्या पुढे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंशाने उबदार होती. समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वर आली. हे चार-पाच आकडे एककांसह आले पाहिजेत. मात्र ‘२० सेंटिमीटर’ हे जगाचं सरासरी आहे. तुमच्या गावची पुळण पाच मीटर खचली असेल तर तिथे आधी शेजारच्या जेटीकडे, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याकडे आणि वाळूउपशाकडे बघा.

पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीचा २०११ चा आणि कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा, दोन्ही अहवालांचे सारांश वाचा. एकच वाचून बाजू घेतलेला विद्यार्थी तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत सापडतो.

प्रकल्प आणि तोंडी परीक्षा

विषय लहान घ्या. ‘कोकणावर हवामानबदलाचा परिणाम’ हा विषय आयुष्यभर पुरेल; तुमच्याकडे चार महिने आहेत. ‘आमच्या वाडीतल्या चार विहिरींची पातळी, सप्टेंबर ते डिसेंबर’ हा विषय होतो. ‘सड्यावरच्या दहा चौकटी, जुलै आणि सप्टेंबर’ होतो. ‘निसर्ग वादळात आमच्या गावात पडलेल्या झाडांत सुरूची किती आणि देशी किती’ हाही होऊ शकला असता, पण ३ जून २०२० नंतर लगेच मोजणाऱ्याला. आता आठवणींवर विसंबावं लागेल आणि तसं प्रामाणिकपणे लिहावं लागेल.

परीक्षक हमखास विचारतात: तुझ्या मापात चूक किती असू शकते? तयार राहा. गाठीची दोरी असेल तर अर्धी गाठ इकडेतिकडे. चूक सांगता येणं हा कमीपणा नाही. मी पागोळ्यांची गोष्ट दरवर्षी याचसाठी सांगतो.

बाहेर पडताना

सड्यावर दगड उलटायचा मोह होतो. आवरा. त्याखाली फुरसं (विषारी साप) असू शकतं, आणि ते दिसायला अगदी बिनमहत्त्वाचं असतं. परतीच्या पावसात दुपारी विजा होतात. सड्यावर सगळ्यांत उंच वस्तू तुम्हीच असता, म्हणून फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अॅप ठेवा आणि गडगडाट ऐकू आला की खाली उतरा. खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका, अनवाणी तर नाहीच. कालवांच्या शिंपा पाय उभे चिरतात. भरती कधी वळते हे आधी पाऊणपट करून ठेवा.

प्रवेशयादी लागेपर्यंत मृग निघून गेलेला असतो आणि आर्द्राही अर्ध्यावर. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, जिथून मिळेल तिथून वही सुरू करा. माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिलं पान असं होतं:

‘आषाढ वद्य अष्टमी. सकाळी ८.३०. पाऊस ४१ मिमी (बाटली अंगणात, माडापासून लांब). वारा पश्चिमेकडून. विहीर: कठड्यापासून ९ गाठी, पाणी गढूळ. सड्यावर दीपकाडी संपली, दोन बोंडं दिसली. आई म्हणते लावणी उद्या. खाडीवर गेले नाही, ओहोटी बाराला होती आणि लेक्चर होतं.’